एक शब्द निसटला की पुढचं सगळंच निसटतं

"मॅडम, इंग्रजी वाचलेलं कळतं, ईमेलही लिहिते, पण समोरचा बोलायला लागला की डोकं बंद पडतं." ही तक्रार माझ्याकडे सतत येते. मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलेली मुलं, लग्नानंतर परदेशी जाणाऱ्या मुली, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारे. आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "कोणता क्लास लावू?"

लातूरकडची एक मुलगी (ओळखीचे तपशील बदलले आहेत) हिंजवडीत नोकरीला होती. अमेरिकन क्लायंटचा कॉल असला की आदल्या रात्री झोप नाही. दहावीला इंग्रजीत उत्तम गुण होते, म्हणून लाज जास्त.

"कॉलवर नेमकं काय होतं?" मी विचारलं.

"एखादा शब्द कळत नाही. तो काय असेल हे शोधत बसते, तोवर ते बरंच पुढे गेलेले असतात."

"आणि मनात काय चालू असतं?"

"सगळ्यांना कळलं, मलाच नाही. आता काही विचारलं तर माझी फजिती."

माझ्या मते खरी गाठ इथेच असते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर (त्रास प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या हट्टी विचारांतून होतो, या मांडणीवर) माझा भर आहे, त्यामुळे माणसाच्या बोलण्यातला 'च' माझ्या कानाला लगेच टोचतो. 'प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे' हा हट्ट एका शब्दाची चूक दहा शब्दांवर नेतो. आयेल्ट्सच्या श्रवण परीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. तिथेही हुकलेल्या उत्तराच्या हळहळीत पुढची दोन-तीन उत्तरं जातात.

तिला हे नुसतं सांगून पटलं नाही. "तुम्हाला काय जातंय म्हणायला," अशी नजर होती. मग एका भेटीत मी बोलता बोलता मुद्दाम एक शब्द पुटपुटले. "काल स्वारगेटला पीएमपी xxx गेली, शेवटी रिक्षा केली." त्या जागी फक्त घशातला आवाज.

"काय झालं काल?"

"बस चुकली तुमची."

"चुकली असं मी म्हणाले?"

ती थबकली. "नाही... म्हणजे ऐकू नाही आलं. पण रिक्षा केली म्हणालात ना."

"मग तो शब्द शोधत का नाही बसलीस?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हसायलाच लागली. "म्हणजे मराठीत मी रोजच शब्द सोडते!"

असे क्षण ओढून आणता येत नाहीत, पण त्यांच्यासाठी जागा करून ठेवता येते. तेवढं एव्हाना मला जमतं.

मन मोकळं झालं की कानाचं काम सुरू होतं. क्रम उलटा केला तर क्लासची फी वाया जाते. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलो असतो. पुस्तकात शब्द सुटे असतात, बोलण्यात ते एकमेकांत मिसळतात. 'व्हॉट डू यू वॉन्ट टू डू' हे 'वॉड्डयू वॉन्ना डू' होतं. आपणही 'कुठे आहेस' न म्हणता 'कुठंयस' म्हणतोच की. शिवाय इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दावर जोर पडतो आणि 'टू', 'ऑफ', 'कॅन' हे जवळजवळ गिळले जातात. जोराचे शब्द पकडले की आशय हाती लागतो.

तिला मी एक-दोन मिनिटांचाच तुकडा घ्यायला सांगितला. आधी मजकूर न बघता ऐकायचं: कोण बोलतंय, कशाबद्दल? पुन्हा ऐकून कानावर पडेल ते लिहायचं. मग छापील मजकूर काढून, लिहिलेलं आहे पण ऐकू आलं नाही, अशा जागांखाली रेघ मारायची. शेवटी त्याच लयीत सोबत बोलायचं. रेघा मारलेल्या जागा म्हणजेच अभ्यासक्रम. बीबीसीच्या 'सिक्स मिनिट इंग्लिश'ला मजकूर जोडलेला असतो, म्हणून ते सोयीचं. अगदीच घाबरणाऱ्यांना मी व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन प्रसारण संस्थेने 1959 मध्ये शिकणाऱ्यांसाठी सुरू केलेल्या संथ इंग्रजीचे जुने भाग सुचवते. साधारण 1500 शब्दांच्या साठ्यातच सांगितलेल्या बातम्या. पण तिथेच मुक्काम करू नका, कारण क्लायंट संथ बोलत नाही. आणि सबटायटल लावून तासन्‌तास मालिका बघणं हा जास्त करून वाचनाचा सराव होतो, ऐकण्याचा कमी. हे कोणालाच आवडत नाही, पण तसंच आहे.

कॉलसाठी एक सवय लावली: नुसतं 'सॉरी?' म्हणायचं नाही, जेवढं निसटलं तेवढंच विचारायचं. 'यू सेड द रिपोर्ट इज ड्यू ऑन... विच डे?' यात आपल्याला बरंच कळलंय हेही समोरच्याला दिसतं.

काही महिन्यांनी तिचा मेसेज आला. कॉलवर तारीख हुकली, तिने विचारली, त्यांनी सांगितली, मीटिंग पुढे सरकली. खाली प्रश्न: "मॅडम, अमेरिकन जमतंय, पण टीममधल्या तेलुगू सरांचं इंग्रजी अजिबात कळत नाही. काय ऐकू?"

मी लिहिलं, "त्यांच्यासोबत रोज चहा घे."