जुन्या लढाऊ विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधताना चाकांची रचना कशी ठेवावी?

कोल्हापुरात स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाची पूर्ण आकाराची आणि स्वतःच्या चाकांवर जमिनीवर फिरवता येईल अशी प्रतिकृती बांधण्याचा आपला विचार आहे, आणि तिची चाके पंखांत दुमडणारी असावीत का, असे आपण विचारले आहे. शिवाजी उद्यमनगरात माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय असून एका शिक्षणसंस्थेच्या आवारासाठी आम्ही पहिल्या महायुद्धातील एस. ई. ५ए या विमानाची प्रतिकृती बांधली आहे. त्या कामावरून माझे ठाम मत असे झाले, की विमान निवडण्यापूर्वी त्याचे पाय, म्हणजे चाके धरणारे दांडे, नेमके कशाला जोडलेले आहेत हे पाहावे.

स्पिटफायरचे पाय पंखाच्या मुख्य तुळईला, धडाच्या अगदी जवळ जोडलेले असतात आणि बाहेरच्या बाजूस दुमडतात. त्यामुळे पंख काढले की पायही त्यांच्यासोबत निघतात आणि धड टेकूंवर ठेवावे लागते. ११.२३ मीटर रुंदीचे हे विमान गाळ्यातून अखंड बाहेर पडणार नाही, हे उघड आहे. एस. ई. ५ए चे पाय मात्र धडाच्या सांगाड्यालाच जोडलेले आहेत; तिचे पंख उतरवून ठेवले तरी धड आपल्या चाकांवर उभे राहते आणि उद्यमनगरातील बोळातून ढकलत नेता येते. याच विमानातून भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दहा हवाई विजय मिळवले आणि त्याच महिन्यात २२ तारखेला ते धारातीर्थी पडले. आपल्याकडे या विमानाची प्रतिकृती उभी राहावी, याला माझ्या दृष्टीने एवढे कारण पुरेसे आहे.

तरीही स्पिटफायरच करायचे असेल, तर पाय उघड्या स्थितीत पिन घालून कायमचे पक्के करावेत. दुमडणाऱ्या पायांसाठी हायड्रॉलिक सिलिंडर, दोन्ही टोकांची कुलुपे आणि पंखातील पोकळी हे सगळे करावे लागते, आणि जमिनीवर उभ्या विमानात त्यातले फारसे काही दिसत नाही.

खरी काळजी चाकांच्या जागेची घ्यावी. ही दोन्ही विमाने शेपटीवर टेकणारी आहेत, म्हणजे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. चाके फार मागे घेतली तर ब्रेक लावताच किंवा खड्डा लागताच विमान नाकावर पडते. फार पुढे घेतली तर शेपटीवर जादा भार येतो आणि वळताना मागचे वजन विमानाला गर्रकन फिरवते. प्रतिकृतीत मूळ इंजिनाच्या जागी हलके इंजिन बसवले किंवा नाक पोकळच ठेवले, तर गुरुत्वमध्य आणखी मागे सरकतो आणि मूळ आराखड्यातील चाकांची जागा बरोबर असूनही शेपटीचा ब्रॅकेट तुटू शकतो. म्हणून सांगाडा पूर्ण होताच तिन्ही टेकांखाली वजनकाटे ठेवून भार मोजावा आणि कमी पडणारे वजन नाकात, इंजिनाच्या जागी, बोल्टने आवळून भरावे.

चाकांसाठी मोटारसायकलची तारांची चाके जशीच्या तशी वापरण्याचा मोह टाळावा. मोटारसायकल वळणात झुकते, त्यामुळे तिच्या चाकावर आडवा जोर फारसा येत नाही. विमान झुकत नाही, म्हणून तो सगळा जोर तारांवर येतो. रिम बाजारातली चालेल. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, मात्र लेथवर रुंद काढून घ्यावा, म्हणजे तारांना पुरेसा तिरकेपणा मिळतो. कोल्हापुरात हबचे कास्टिंग आणि मशीनिंग दोन्ही करून मिळते, ही आपली मोठी सोय आहे.

एस. ई. ५ए मध्ये धक्के सोसण्यासाठी आसाला रबरी दोरीचे वेढे घातलेले असतात. ही दोरी ऊन-पावसात तडकते, त्यामुळे ती बदलता येईल अशीच बांधावी. स्पिटफायरच्या पायात तेल आणि हवा असते; तेल बारीक छिद्रातून जाताना धक्क्याची ऊर्जा जिरवते, म्हणून विमान उसळत नाही. हळू फिरणाऱ्या प्रतिकृतीला नळीच्या आत बसवलेली स्प्रिंग पुरते.

हे सर्व जमिनीवर राहणाऱ्या प्रतिकृतीपुरते आहे. उडवण्याचा विचार असल्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी पत्रव्यवहार पहिला पाइप कापण्यापूर्वीच सुरू करावा. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव यांना नोंदणीसाठी अनेक वर्षे झगडावे लागले होते.