जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठाने दोन दिवसांची गाडीची सहल कशी आखावी?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरअखेरीस फ्रँकफुर्टला भावाकडे येताय, आई-बाबा सोबत आहेत, भाड्याची गाडी आणि दोन दिवस हाताशी आहेत. एवढ्यात ट्रिअर ते कोब्लेन्त्स असा मोझेलचा अख्खा काठ आणि वाईनची चव, दोन्ही बसेल का? बसतं की. मी तर पहिल्या वर्षी एका दिवसात बसवलं होतं. संध्याकाळी बुर्ग एल्ट्झच्या पार्किंगला पोचलो तेव्हा किल्ला बघून लोक परत निघाले होते. दिवसभरात काय पाहिलं म्हणाल, तर पुढच्या कॅराव्हॅनची नंबरप्लेट.

गोम नदीच्या वळणांत आहे. ट्रिअर ते कोब्लेन्त्स सरळ रेघ मारली तर शंभर किलोमीटरही भरत नाहीत. नदी तेवढ्यासाठी जवळजवळ दुप्पट हिंडते. बेर्नकास्टेलहून ट्राबेन-ट्रारबाखला काठाकाठाने वीसच्या वर किलोमीटर होतात, आणि मधला डोंगर पायी ओलांडला तर माणूस दोनेक तासांत पलीकडे. म्हणून अख्खी नदी करायच्या फंदात पडू नका. बेर्नकास्टेल ते कोखेम एवढाच मधला तुकडा घ्या. ट्रिअरमध्ये पोर्टा निग्रा ही रोमन काळची वेस आहे, बरंच काही आहे, पण ते शहर आहे, त्याला स्वतःचा दिवस लागतो. शिवाय कोब्लेन्त्सहून येणारी रेल्वे बुलायपर्यंत नदीच्या सोबतीने येते आणि मग तिला सोडून देते. त्यामुळे बुलायच्या वरच्या अंगाला गाडी असल्याचा खरा फायदा आहे.

फ्रँकफुर्टहून हुन्सरुकच्या पठारावरून बी ५० या महामार्गाने या. साधारण दोन तासांत तुम्ही बेर्नकास्टेलला उतरता. मुक्काम तिथेच करा, आणि खोली आत्ताच बुक करा, कारण सप्टेंबरअखेर म्हणजे ऐन तोडणीचा हंगाम. चौकातली लाकडी चौकटींची घरं सगळेच बघतात, तुम्हीही बघाल. १४१६ सालचं एक चिंचोळं घर आहे, खाली अरुंद आणि वर रुंद. अर्धा तास पुरे. पुलापलीकडे कूसमध्ये मात्र जरा रेंगाळा. निकोलाउस फॉन कूस (१४०१–१४६४) या कार्डिनलने इथे ३३ वृद्धांसाठी एक आश्रम उभारला. साडेपाचशेहून जास्त वर्षं झाली, अजून तिथे म्हातारी माणसं राहतात, आणि संस्थेचे स्वतःचे द्राक्षमळे आहेत. माझे वडील, अण्णा, तिथल्या बाकावर बराच वेळ बसले होते, उठायलाच तयार नव्हते.

आता मुख्य मुद्दा. रस्ता मळ्यांच्या पायथ्याने जात असेल तर काचेतून मळे दिसत नाहीत, दिसते फक्त दगडी भिंत. मळा बघायचा तो समोरच्या काठावरून, किंवा वरून. दुपारी चारनंतर वेलेन गावात जा. गाव या काठाला आणि मळा त्या काठाला. उन्हं समोरच्या उतारावर पडलेली असतात, आणि मधोमध १८४२ साली कड्यावर बांधलेलं मोठं सूर्यघड्याळ. त्याच्यावरूनच त्या मळ्याला ‘सोनेनउर’ म्हणतात. धरणं आणि लॉक (बोटी वरखाली नेणारी पाण्याची दारं) यांमुळे पाणी इतकं संथ असतं की सगळं खाली उलटं दिसतं.

आम्ही निफाडकडचे, अण्णांचं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. पलीकडच्या उतारावर मी त्यांना एका मळ्याच्या कडेला नेलं होतं. सपाट रानात ट्रॅक्टर फिरवणारा माणूस, तो चढ बघून म्हणाले, "बघूनच पोटऱ्या भरून आल्या." मग वेलीजवळ वाकले. तार नाही, मंडप नाही, प्रत्येक वेलीला एकच लाकडी खांब, आणि दोन काड्या वाकवून पत्त्यांतल्या बदामाच्या आकारात त्याला बांधलेल्या. "ह्याला ओलांडाच नाही!" ओलांडा म्हणजे तारेवरून आडवा नेलेला वेलीचा हात. मळेवाला तिथेच होता. मी दुभाषा. अण्णांनी विचारलं, छाटणी कधी? तो म्हणाला, हिवाळ्यात, एकदाच. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन करणाऱ्या माणसाला ही चैनच वाटली. मणी फुगवायला डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, करत नाही का, हा प्रश्न मला जर्मनमध्ये नीट विचारताच आला नाही. त्याने घडातला एक मणी काढून दिला. वाटाण्याएवढा, आत बिया, पण गोड. मग पायाखालचा पाटीचा काळा दगड उचलून अण्णांच्या हातात ठेवला. ऊन कलून गेलं होतं, दगड अजून कोमट होता. दिवसभर ऊन पिऊन रात्री वेलीला ऊब देतो तो हाच. एवढ्या उत्तरेला रीसलिंग, म्हणजे इथली पांढऱ्या वाईनची द्राक्षजात, पिकते त्यात या दगडाचा मोठा हात आहे.

वाईनबद्दल. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची इथे मर्यादा ०.५ प्रति हजार आहे, २१ च्या आतल्यांना शून्य. आणि अपघात झाला तर ०.३ वरही गुन्हा होऊ शकतो. ‘एकच ग्लास’चा हिशेब करत बसू नका. गाडी हॉटेलला लावा आणि संध्याकाळी पायी निघा. दारावर झाडू किंवा पाल्याचा झुबका टांगलेला दिसला तर ती ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’. मळेवाल्याला वर्षातून चार महिने, चाळीस खुर्च्यांपर्यंत, घरची वाईन विकायची मुभा असते. आपल्याकडच्या हुरडा पार्टीसारखंच, हंगामापुरतं. ०.१ लिटर मागा, ग्लासवर रेघ असते. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी. पहिल्यांदा घेत असाल तर ‘फाइनहर्ब’ (किंचित गोडसर) किंवा ‘काबिनेट’ (हलकी) आवडेल. आई-बाबा घेत नसतील तर ‘ट्राउबेनझाफ्ट’, द्राक्षाचा रस, जवळपास सगळीकडे मिळतो. शाकाहारी असतील तर कांद्याच्या पायवर भरवसा ठेवू नका, त्यात बहुधा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. ‘ओने श्पेक’ हे दोन शब्द पाठ करून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्त्सिगकडून निघा. तिथे डोक्यावरून २०१९ साली सुरू झालेला पूल जातो, १.७ किलोमीटर लांब आणि दीडशे मीटरहून उंच. काहींना तो खोऱ्यावरचा ओरखडा वाटतो, मलाही. पण खालून बघताना मान आपोआप वर जाते. ट्राबेन-ट्रारबाखमध्ये चहा. १९०० च्या सुमाराला वाईनच्या व्यापारात बोर्दोखालोखाल हेच गाव होतं म्हणतात, आणि अख्ख्या गावाखाली तळघरं आहेत. मग प्युंडरिशजवळ मारीएनबुर्गला गाडीने वर जा. तुमच्या बाबांचे गुडघे दुखतात म्हणालात, त्यांच्यासाठी हीच जागा. चढायचं काही नाही, आणि नदी दोन्ही बाजूंना दिसते, एकीकडून येते आणि वळसा घालून दुसरीकडून जाते. अण्णा म्हणाले, "ही तर गुंडाळलेली पगडीच."

खाली उतरून १८७८ च्या दुमजली पुलावरून बुलायला जा, गाडी खालच्या मजल्यावर, रेल्वे वरच्या. ब्रेमला कालमोंटचा मळा खालूनच बघा, ६० अंशांहून जास्त चढ आहे. बाइलश्टाइनला जेवा. कोखेमचा किल्ला जुनापुराणा दिसतो, पण १६८९ मध्ये फ्रेंचांनी तो उडवला होता; आजचा बराचसा भाग एका बर्लिनच्या व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकात बांधून घेतलेला आहे. वेळ नसेल तर आत जाऊ नका. तिथून ए ४८, ए ६१ धरून परत.

गाडी भारतीय लायसन्सवर चालवणार असाल तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या.

आणि त्या दिवसांत ठिकठिकाणी ‘फेडरवाइसर’ दिसेल, अजून आंबत असलेली गढूळ नवी वाईन. घ्या जरूर. पण वायू बाहेर पडावा म्हणून त्या बाटलीचं झाकण घट्ट नसतं. आम्ही ती डिकीत आडवी ठेवली आणि पुढचे पंधरा दिवस गाडीला इडलीच्या फसफसलेल्या पिठाचा वास येत होता. बाटली उभी ठेवा, आईंच्या पायापाशी.