आई घरात पाहुणे ठेवते म्हणतेय, थांबवू का?

"बाबांना जाऊन पाच महिने झालेत आणि आई म्हणते, माडीवरच्या खोल्या पर्यटकांना द्यायच्या. जेवणखाण तीच बघणार. दुःख विसरायला चाललंय का हे? थांबवू तिला?"

या प्रश्नाचे वेगवेगळे अवतार समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात. घर कोकणात, मुलं पुण्या-मुंबईत, वडील गेलेले, आणि आई शहरात यायला तयार नाही. त्यातलीच एक हकिगत सांगते. संमती घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण काकू म्हणू.

काकू साठीच्या पुढच्या, दापोली तालुक्यातल्या. काका अचानक गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मुलानं त्यांना पुण्याला आणलं. तिथं त्यांना काही कमी नव्हतं, पण करायलाही काही नव्हतं, म्हणून त्या परत गावी गेल्या. माझ्याशी बोलताना म्हणाल्या, "दिवस जातो हो. साडेअकराला मात्र नको होतं. कुकर लावायची वेळ ती. एकटीपुरता कुकर कोण लावतं?" मग सकाळी चहा-खारी, रात्री पेज, कधी तीही नाही. ब्लाउज सैल झाले होते. मुलाला वाटत होतं आईची भूक गेली. भूक होती, रांधायला कारण नव्हतं. पाहुण्यांची कल्पना तिथून आली होती, पैशांतून नव्हे.

मी त्यांना होय-नाही काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "पाहुणे नसतील त्या दिवशी काय कराल?" त्या गप्प झाल्या. अशा प्रत्येक प्रकरणात मला खरी माहिती देतो तो हाच प्रश्न. घर भरलेलं असताना कुणीही बरंच दिसतं. पाहुण्यांची गाडी वळणापलीकडे गेल्यावर त्या माणसाचं काय होतं, ते बघायचं.

मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक स्खुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाची एक मांडणी केली. गेलेल्या माणसाकडे ओढ घेणारं मन आणि पुढच्या जगण्याची घडी बसवणारं मन, या दोन्हींत माणूस ये-जा करत राहतो. ही ये-जा चालू असणं महत्त्वाचं. सतत रडणं जसं अडकवतं, तसंच सतत कामात गुंतणंही. म्हणून मुलाला सांगितलं, आईला थांबवू नका, पण सगळे दिवस भरूही देऊ नका. सुरुवात एकाच खोलीनं, तीही शनिवार-रविवारी. आणि पहिल्या वर्षात खोल्या बांधायला कर्ज काढायचं नाही. याबाबतीत मी हट्टी आहे.

अडचण भलतीकडेच निघाली. "जेवणाचे पैसे कसे मागायचे?" आयुष्यभर आल्यागेल्याला पानावर बसवलेल्या बाईला ही खरीच पंचाईत होती. त्यात जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजी गेले आणि हिनं खानावळ घातली." मुलगा म्हणाला, मी दरपत्रक छापून देतो. मी म्हटलं, छापा, पण बोलायचं काकूंनी. मग आमच्या भेटीत मी झाले पुण्याची घासाघीस करणारी पाहुणी. "दोघं लहान मुलं आहेत, त्यांचं अर्धंच धरा ना!" काकू आधी विरघळायच्या. पुढे एकदा ठसक्यात म्हणाल्या, "मोदक पोरंच जास्त खातात." त्या दिवशी मला त्यांची काळजी कमी वाटली.

दुसरं काम कागदांचं. घरातल्या खोल्या पर्यटकांना देण्याची सरकारी निवास न्याहारी योजना आहे. तिच्यात नाव नोंदवायचं, तर घराची कागदपत्रं हवीत. घरपट्टीचा उतारा अजून काकांच्या नावावर. वारसनोंदीसाठी मृत्यूचा दाखला लागणार, आणि तो कपाटात ठेवल्यापासून काकूंनी हातात घेतला नव्हता. मुलानं परस्पर उरकलं असतं तर लवकर झालं असतं. काकू स्वतः ग्रामपंचायतीत गेल्या, काउंटरवर दाखला ठेवला, घरी येऊन दुपारभर झोपाळ्यावर बसून राहिल्या. अर्ज भरणं हाही शोकाचाच भाग असतो, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही.

मग हळदकुंकवाचा प्रश्न. घरातून सवाष्ण निघाली की तिला कुंकू लावायचं, ही त्यांच्या घरची रीत. आता ते लावायला त्या शेजारच्या सुनेला हाक मारायच्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनं त्यावर परिपत्रकही काढलं. पण परिपत्रकानं हात उचलला जात नाही. एकदा सून घरी नव्हती आणि निघालेली मुलगी कपाळ पुढे करून उभी राहिली. "तुम्हीच लावा ना काकू, बस चुकेल." लावलं. यावर मी काही बोलले नाही, त्यांनीही विषय वाढवला नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जूनपासून पाहुणे बंद, वीज जाते, अंगण शेवाळतं. जुलैत मुलाचा घाबरून फोन आला, "आई परत रडायला लागलीय." मी विचारलं, जेवते? हो. झोपते? बऱ्यापैकी. कुकर? "लावते. काल एकटीसाठी डाळिंब्या केल्या म्हणाली." मग रडू दे, म्हटलं. हंगामात मागे राहिलेलं आता वर येत होतं, आणि त्याला यायला जागा मिळाली होती.

हेच उलटं असतं, म्हणजे पाहुणे नसले की अंथरुणातून उठणं नाही, खाणं नाही, नवऱ्याच्या खोलीचं दारही उघडवत नाही किंवा तिथून बाहेरच पडवत नाही, तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात दीर्घ शोकविकाराची स्वतंत्र नोंद आहे. तीव्र ओढ आणि वेदना सहा महिन्यांहून अधिक काळ, त्या समाजाच्या रीतीपेक्षाही जास्त रेंगाळली आणि रोजचं जगणं ठप्प झालं, तर तो विचार करतात. जगण्यात अर्थ नाही, मरण आलं तर बरं, असं कुणी बोलू लागलं, तर सहा महिने मोजत बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि हा उपाय सगळ्यांसाठी नाही. ज्यांना आयुष्यभर पाहुण्यांचा कंटाळा होता, त्यांना वैधव्यात अचानक आतिथ्य सुचवू नये. काकूंना माणसं आवडायची, रांधायला आवडायचं. काका गेल्यावर तेवढं उरलं होतं, आणि तेच उपयोगी आलं.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात त्यांनी कुणालाच घेतलं नाही. नाताळात मुलगा सहकुटुंब जायला निघाला, तर माडीवरची त्याची खोली दिलेली होती. माझ्याकडे तक्रार आली. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "त्यानं आधी कळवायचं होतं. माजघरात गाद्या घालते की."