विद्यापीठे आवारातील पुतळ्याचा वर्धापनदिन का साजरा करतात?

आपण विचारले आहे की, परदेशांतील विद्यापीठे आवारातील एखाद्या पुतळ्याला शंभर वर्षे झाली म्हणून त्याला मानवंदना देतात, त्याच्यावर लेख छापतात, जुनी छायाचित्रे मांडतात. हा निव्वळ दिखाऊपणा नव्हे काय? उदाहरणादाखल आपण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ‘अल्मा मेटर’चे नाव घेतले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालो. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आमच्यापासून फार लांब नसल्यामुळे कोलंबियाविषयी विद्यार्थी नेहमी विचारीत आणि त्या निमित्ताने या मूर्तीची माहिती मी जमवली होती.

सर्वप्रथम एक फरक लक्षात घ्यावा लागेल. आपल्याकडील पुतळे बहुधा कोणा थोर व्यक्तीचे असतात, त्यामुळे जयंती आणि पुण्यतिथी या व्यक्तीच्या असतात. पुतळा किती वर्षांचा झाला हे कोणी मोजत नाही. ‘अल्मा मेटर’ ही मात्र कोणा व्यक्तीची प्रतिमा नाही. लॅटिनमध्ये या शब्दांचा अर्थ पोषण करणारी आई असा होतो आणि आपण जिला मातृसंस्था म्हणतो तीच येथे सिंहासनावर बसलेल्या स्त्रीच्या रूपात घडवलेली आहे. तिला जन्मतिथी नाही. तिचे अनावरण झाले तो दिवसच तिचा वाढदिवस. ते अनावरण 1903 साली झाले.

मूर्तिकार डॅनियल चेस्टर फ्रेंच. वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारकात बसलेला भव्य लिंकन पुढे याच कलावंताने घडवला. ‘अल्मा मेटर’च्या मांडीवर उघडे पुस्तक आहे, हातातील राजदंडावर मुकुट आहे, 1754 मध्ये हे विद्यापीठ ‘किंग्ज कॉलेज’ या नावाने सुरू झाले, त्याची ती खूण. वस्त्राच्या चुण्यांत, डाव्या पायाशी, एक लहानसे घुबड दडवलेले आहे. ग्रीक परंपरेत घुबड हा विद्येची देवता अथेना हिचा पक्षी. (आमच्याकडे तिन्हीसांजेला घुबड ओरडले तर म्हातारी माणसे अजूनही अस्वस्थ होतात, त्यामुळे हा तपशील सांगितला की वर्गात हमखास खसखस पिकत असे.) नव्या तुकडीतील ज्या विद्यार्थ्याला हे घुबड सर्वांत आधी सापडेल तो पुढे वर्गात पहिला येतो, असा तेथे समज आहे.

मूर्तीच्या मागे लो स्मारक ग्रंथालयाची इमारत आहे. आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय याच इमारतीत होते आणि मूर्ती त्याच्या पायऱ्यांवर बसून अवघी दहा वर्षे झाली होती. ग्रंथालयाकडे जाताना त्या पायऱ्या कितीदा त्यांच्या पायांखालून गेल्या असतील, याची कल्पना कोणीही करू शकेल. 1952 मध्ये याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

तथापि मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या नंतरच्या दोन घटना. मूळ मूर्तीवर सोन्याचा मुलामा होता. ऊन-पावसाने तो उडाला आणि खालचे कांस्य हिरवट पडले. 1962 मध्ये विद्यापीठाने हौसेने पुन्हा सोनेरी मुलामा चढवला, तेव्हा विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी यांनी इतकी नाराजी व्यक्त केली की तो उतरवावा लागला. पुढे 1970 च्या मे महिन्यात, युद्धविरोधी आंदोलने पेटलेली असताना, तेथे बाँबस्फोट होऊन मूर्तीची हानी झाली आणि दुरुस्तीला 1978 साल उजाडले. विद्यापीठ शंभर वर्षांचे स्मरण करते तेव्हा स्मरण करावे असे हेच आहे: ती काय दर्शवते यापेक्षा तिच्या बाबतीत काय काय घडले ते. केवळ हार घालून आणि मान्यवरांची भाषणे ठेवून सोहळा आटोपला, तर मात्र आपला दिखाऊपणाचा आक्षेप मला मान्य आहे.

इलिनॉय विद्यापीठातही ‘अल्मा मेटर’ आहे. लोराडो टाफ्ट यांनी घडवलेली ती मूर्ती 1929 मध्ये उभी राहिली. पदवीदानाच्या दिवशी झगा घालून तिच्यासमोर छायाचित्र काढायचे, ही तेथील रीत. 2012 मध्ये ती जीर्णोद्धारासाठी शिकागोजवळ नेली, परंतु आत पाणी शिरून झालेली झीज अपेक्षेपेक्षा अधिक निघाल्याने ती 2014 च्या एप्रिलमध्येच परतली आणि मधल्या 2013 च्या तुकडीला पदवी घेताना समोर रिकामा चौथराच दिसला.

सोनेरी मुलाम्याची गोष्ट मला इतकी जवळची वाटण्याचे कारण घरचेच आहे. आमच्या महाविद्यालयात जांभ्या दगडाच्या चौथऱ्यावर संस्थापकांचा कांस्य पुतळा आहे. समुद्र जवळ असल्याने खाऱ्या वाऱ्याने त्यावर हिरवा कळंक चढतो. आमचे जुने शिपाई वर्षातून एकदा देवघरातल्या समईसारखे तो आमसुलाने घासू पाहत आणि आम्ही त्यांना आवरत असू. परीक्षेच्या दिवशी मुले पुतळ्याच्या उजव्या वहाणेच्या अंगठ्याला हात लावून जात, त्यामुळे तेवढाच भाग तांब्याच्या नव्या कळशीसारखा लख्ख असे. सुवर्णमहोत्सव आला तेव्हा कार्यालयातील कोणाच्या तरी डोक्यातून निघाले आणि एका रविवारी रंगाऱ्याने संपूर्ण पुतळ्याला सोनेरी तेलरंग फासला. चष्म्याची काडी, कोटाची बटणे, हातातील पुस्तकावरची अक्षरे, सारे काही त्या रंगाखाली बुजले. पुतळा कोणी, कोणत्या साली घडवला हे माहितीपत्रकात छापायचे ठरले, तर ते कोणालाही सांगता येईना. अखेर जमाखर्चाच्या एका जुन्या वहीत मूर्तिकाराला दिलेल्या पैशांची नोंद सापडली, त्यावरून साल कळले.

दोन पावसाळ्यांत त्या रंगाचे पोपडे निघू लागले. पण वहाणेच्या अंगठ्यावरचा रंग त्याच्याही आधी, पहिल्या परीक्षेच्या आठवड्यातच, निघून गेला होता.