वीज वाहावी, उष्णता अडावी : हे जमतं कसं?

प्रश्न : तांब्या-चांदीतून वीज सहज जाते, तशी उष्णताही जाते. मग थर्मोइलेक्ट्रिक पदार्थात, म्हणजे तापमानातल्या फरकातून वीज निर्माण करणाऱ्या पदार्थात, वीज वाहून उष्णता कशी अडते? यात इलेक्ट्रॉनांच्या रचनेचा हात किती?

उत्तर : धातूंबाबत तुमचं निरीक्षण अचूक आहे. दोन्ही वाहकतांचं हे नातं वीडेमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्येच मांडलं. धातूत दोन्ही कामं मुख्यतः इलेक्ट्रॉनच करतात. थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ बहुधा अर्धवाहक असतात; त्यांत मात्र उष्णतेचा मोठा हिस्सा स्फटिकाच्या कंपनांतून, म्हणजे फोनॉनांतून जातो. अडवायचे ते फोनॉन.

पण इलेक्ट्रॉनांचा हिस्सा मोजताना पुष्कळ जण घाई करतात. विद्यार्थ्यांची आकडेमोड तपासायला घेतली की मी सर्वांत आधी लोरेन्झचा अंक बघते; विद्युतवाहकता आणि तापमान यांच्या गुणाकाराला या अंकानं गुणलं की इलेक्ट्रॉनांची उष्णतावाहकता मिळते. बिस्मथ टेल्युराइड या थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाच्या एखाद्या नमुन्याची विद्युतवाहकता मीटरला १ लाख सीमेन्स आणि तापमान ३०० केल्विन समजा. धातूंचा अंक, २.४४ × १०⁻⁸, घातला तर इलेक्ट्रॉनांची उष्णतावाहकता येते ०.७३ वॅट प्रति मीटर-केल्विन. मात्र फर्मी पातळी (इलेक्ट्रॉनांनी साधारण कुठवरच्या ऊर्जा भरल्या आहेत ती पातळी) पट्ट्याच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांच्या टापूच्या, काठाशी असली की हा अंक उतरतो. १.८ × १०⁻⁸ घेतला तर उत्तर ०.५४. एकूण वाहकता १.५ मोजली असेल, तर फोनॉनांच्या नावावर एकदा ०.७७ पडतात, एकदा ०.९६. नमुना तोच! मग ‘फोनॉन अडवले’ हा दावा कशाच्या जोरावर करायचा?

बँडगॅप, म्हणजे दोन पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर, लहान असला तर आणखी एक वाट फुटते. तापमान चढलं की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली, धन प्रभारासारखी वागणारी रिकामी जागा) जोडीनं निर्माण होतात, जोडीनं थंड टोकाकडे जातात आणि तिथे एकमेकांत मिसळून ऊर्जा सोडतात. निव्वळ वीजप्रवाह शून्य, उष्णता मात्र पोहोचते. शिवाय दोघांचे व्होल्टेज परस्परविरोधी असल्यानं एकूण व्होल्टेजही घटतं.

आणि फोनॉनांचा मामला इलेक्ट्रॉनांपासून वेगळा, असं पुस्तकी मांडणीवरून वाटतं, ते मला मुळीच पटत नाही. टिन सेलेनाइड बघा. टिनच्या ५एस कक्षेतले दोन इलेक्ट्रॉन बंध जोडण्यात फारसे पडत नाहीत, पण एका बाजूची जागा अडवून बसतात. त्यामुळे भोवतीचे बंध असमान आणि मऊ होतात, अणूला मागे खेचणारं बल विस्थापनाच्या प्रमाणात राहत नाही, आणि फोनॉन एकमेकांवर आदळून विस्कटतात. २०१४ मध्ये याच पदार्थाच्या एकस्फटिकात, एका विशिष्ट दिशेनं, ९२३ केल्विनला थर्मोइलेक्ट्रिक गुणांक, म्हणजे पदार्थ उष्णतेतून वीज किती चांगली बनवतो त्याचं माप, २.६ नोंदवला गेला. बिस्मथ टेल्युराइडचा सामान्य तापमानाला १ च्या आसपास असतो.

तेव्हा पट्ट्यांची गणनं करत असाल, तर त्याच रचनेवरून फोनॉनही काढा, आणि लोरेन्झचा अंक कुठून घेतला ते वहीत लिहून ठेवा.