आधी पीपीओ, मग शाल

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

१४ जानेवारीचा कार्यक्रम तुझ्या गळ्यात पडलाय, तर आधी तारीख समजून घे. लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९५३ साली या दिवशी निवृत्त झाले. म्हणून २०१६ पासून हा माजी सैनिक दिन. सरकारी सुट्टी नाही, पण आपल्याकडे बहुतेक वर्षी नेमकी संक्रांत. वक्ते हमखास पानिपतात शिरतील, कारण १७६१ ची तारीखही हीच. त्यांना आवर. हा दिवस समोर खुर्चीत बसलेल्यांचा आहे. ते सगळे म्हातारेच असतील असंही धरू नकोस. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस बऱ्याचदा चाळिशीच्या आतबाहेर गावी परततो.

पत्रिकेत ‘निवृत्त सुभेदार अमुक’ छापू नकोस. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. आधी हुद्दा, मग नाव, मग कंसात ‘निवृत्त’. पदकं स्वतःची असतील तर डाव्या छातीवर. गेलेल्या सैनिकाची पदकं घरचं माणूस लावतं ती उजव्या. कुणी उजवीकडे लावून आलं तर ‘चुकलंय’ म्हणून सरळ करायला धावू नकोस.

वेळ सकाळी नऊची ठेव, दुपारी घरोघर हळदीकुंकू असतं. तुझ्या कार्यक्रमात मात्र हळदीकुंकू नको. वीरपत्नी बाजूला बसून राहतात. तिळगूळ सगळ्यांना.

आता मुख्य काम. शाल-नारळ दहा मिनिटांत उरक आणि कोपऱ्यात एक टेबल मांड. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला महिनाभर आधी पत्र दे, माणूस पाठवतात का बघ. येणाऱ्यांना सांग: डिस्चार्ज बुक, पीपीओ (म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश), नवराबायको दोघांची आधार कार्डं आणि बँकेचं पासबुक घेऊन या. मग बायकोचं नाव आणि दोघांच्या जन्मतारखा अक्षर-अक्षर जुळवून पाहायच्या. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, घोळ तिथेच होतो. पलटणीच्या कागदावर सासरची ‘लक्ष्मी’, आधारवर माहेरची ‘शकुंतला’. माणूस जिवंत आहे तोवर कुणाला पत्ता लागत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन अडतं, आणि ‘ती मीच’ हे सिद्ध करत बाई हेलपाटे घालते. फरक दिसला तर त्याच दिवशी अर्ज लिहून घे. सोबत प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे पुरावे जोडून तो त्याच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाईट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावला. अर्जावर सेवा क्रमांक हवाच, नावावरून तिथे शोध लागत नाही.

दुसरं, हयातीचा दाखला. तो दरवर्षी द्यावा लागतो. राहिला की पेन्शन थांबते. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, म्हणून माणूस दोनदा जाऊन कंटाळतो आणि सोडून देतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो निघतो. दोन पोरं आदल्या दिवशी शिकवून तयार ठेव आणि पेन्शनवाल्यांना उजेडाकडे तोंड करून बसव. खिडकी पाठीशी असली की चेहरा काळा पडतो. कुणाचाही ओटीपी वहीत टिपायचा नाही, एवढं त्या पोरांना बजाव.

झेरॉक्सचं मशीन आदल्या संध्याकाळीच आणून ठेव. संक्रांतीला दुकान उघडं मिळेलच असं नाही.

तुझा,
काका