दुकान, मॉल की ऑनलाइन?

गोव्यात नवा संसार मांडलायस, तर स्वस्त दिसतं म्हणून सगळंच ऑनलाइन मागवू नकोस. साबण, डिटर्जंट, डायपर खुशाल मागव. माल तोच असतो. फक्त किलोचा किंवा लिटरचा दर काढून बघ, मोठं पाकीट दर वेळी स्वस्त नसतं.

पुरुमेंत मात्र, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातच कर. सोलं, म्हणजे आमसुलं, दाबून बघायची, सुकी सुंगटं (कोळंबी) वास घेऊन, मिरची मोडून. हे फोटोवरून कळत नाही. काणकोणची खोला मिरची महाग पडणारच. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकते, भौगोलिक मानांकनही आहे. तिथे घासाघीस नको. उकडे तांदूळ आधी किलोभर घे, शिजवून बघ, मग पोतं. आणि पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येतो तोवर पाव मॉलमधून आणणं मला तरी पटत नाही.

मिक्सर, पंख्याचं वेगळं. सर्व्हिस सेंटर जवळपास आहे का, ते आधी विचार. नसेल तर गावातल्या दुकानदाराला ऑनलाइनचा दर दाखव, थोडं कमी करायला सांग. पक्कं बिल घेच, वॉरंटीला तेच लागतं.